रात्री नऊचा फोन

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं पंधरा खाटांचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. मी तिथं समुपदेशक. हे प्रकरण एका पेशंटचं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण लिहिता लिहिता ते आमच्याच एका सहकाऱ्याचं होऊन बसलं. दोघांचीही परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि काही तपशील बदललेत, नावं घातलेलीच नाहीत. सहकाऱ्याला अख्खं केंद्र ‘मामा’ म्हणतं आणि मामा त्या पेशंटला ‘पोरगा’ म्हणतात. इथंही तेच ठेवतो.

मामा शेहेचाळीस वर्षांचे. अकरा हंगाम ऊसतोडीचे मुकादम होते. कारखान्याकडून पैसे आणायचे, गावोगावच्या नवरा-बायकोला, म्हणजे एकेका कोयत्याला, उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, वाटायची आणि दिवाळीच्या आसपास टोळी घेऊन सांगली-कोल्हापूरकडं निघायचं. दारू सतरा वर्षं. मधे एकदा माळ घातली, ती आषाढीपासून कार्तिकीपर्यंत टिकली. आमच्याकडं दोनदा दाखल झाले. दुसऱ्या खेपेनंतर सुटली, त्याला आता पाचवं वर्ष लागलंय. त्यातली पहिली तीन वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच संघटनेच्या मीटिंगला न चुकता, शाळेच्या एका खोलीत, लहान मुलांच्या बाकावर पाय दुमडून बसायचे. मग आम्ही त्यांना महिना नऊ हजारांवर कामाला घेतलं.

घ्यायचं कारण सरळ होतं. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसली तरी मदत मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० जणांत एक. बाकीचे वाड्या-तांड्यांवर आहेत. ते माझ्यासारख्या शर्ट खोचलेल्या माणसाला बघून मागच्या दारानं निघून जातात. मामांना बघून जात नाहीत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात बरे झालेले पेशंटच पुढं कार्यकर्ते झाले. त्यामुळं वाट नवी नव्हती. त्या वाटेवरचे खड्डे मात्र आम्ही विचारून घेतले नव्हते.

अर्धा कप

पोरगा एकतीस वर्षांचा, कोयत्यावर जाणारा. पोळ्याच्या करीला त्याची बायको आणि मेहुणा त्याला घेऊन आले. रोज तीन-चार क्वार्टर देशी, पहिली तोंड धुवायच्या आधी. शेवटची आदल्या रात्री. मेहुणा म्हणाला, “सर, अंगठा धरून लावून घ्या, सोडा इथंच.” असं करता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळं होणारे आजारही येतात, आणि समज शाबूत असलेल्या माणसाला त्याच्या संमतीशिवाय कोंडता येत नाही. कायदा माहीत असूनही कोंडणारी केंद्रं आहेत, हेही खरं.

मामांनी मेहुण्याला बाहेर पाठवलं आणि पोराला चहा दिला. अर्धाच कप. मला वाटलं, दूध संपलं असेल. नंतर विचारलं तर म्हणाले, हात कापणाऱ्याला भरून कप दिला की चहा सांडतो, आणि सांडला की तो ते दहा वर्षं विसरत नाही. सात वर्षं मी इथं बसून नव्या पेशंटला आदरानं काठोकाठ चहा देत होतो.

“कुठं लपवायचास?” मामांनी विचारलं.

पोरगा गप्प.

“मी मोटारीच्या पेटीत ठेवायचो. घरची करंटला भिते म्हणून.”

पोरगा हसला. “म्या कडब्याच्या गंजीत.”

सही त्यानं स्वतः केली, वाकडीतिकडी.

दारू एकदम बंद झाली की पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना ताप, दरदरून घाम, भास आणि भ्रम होतो. डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर त्यात जीव जातो. पोराला गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू होती, तरी दुसऱ्या रात्री एकच्या सुमाराला तो खाटेवर उठून बसला आणि ऊस तोडू लागला. डाव्या हातानं धरायचा, उजव्यानं बुडख्याशी छाटायचा, शेंड्याचं वाढं उडवायचा, आठ-दहा झाले की मोळी बांधायचा. हवेत. गाठ मारताना दात आवळायचा. मग मोळी डोक्यावर घेऊन खाटेच्या कठड्यावर चढू लागला, कारण गाडी भरायची होती.

नवा परिचारक म्हणाला, अंगात आलंय. मामांनी पोराच्या कपाळाला हात लावला आणि डॉक्टरांना फोन केला, “मोळ्या बांधायलाय. ताप हाय. घाम थांबंना.” डॉक्टरांना तेवढं पुरलं. रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मामा दिवा लावून त्याच्याशेजारी बसले होते. कठड्यावर चढलेल्या पोराला म्हणाले, “गाडी भरली रे. फळीवरून सावकाश उतर.” तो सावकाश उतरला. पुस्तक सांगतं की भ्रमाला दुजोरा देऊ नये, तू कुठं आहेस ते शांतपणे सांगत राहावं. पुस्तकाशी माझं भांडण नाही. मामांनाही मी काही बोललो नाही.

पाच दिवस मोठ्या दवाखान्यात काढून पोरगा परत आला. मग आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि ती काढली मामींनी. मामी शनिवारी पेशंटच्या बायकांसोबत बसतात. त्यांनी सहज सांगितलं की मामांच्या भाजीत त्यांनी वर्षभर कसली तरी पूड घातली होती, आठवडी बाजारात घेतलेली. तेव्हा पोराच्या बायकोनं पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली. अशा पुड्यांत काय असतं ते विकणाराही सांगत नाही. काही ठिकाणी डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध कुटून देतात. ते औषध चांगलं आहे, पण ज्याला माहीत आहे आणि कबूल आहे त्यालाच, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. न सांगता दिलं आणि वरून माणूस प्यायला, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. मी हे तिला समजावत बसलो असतो तर तिला चोरी पकडल्यासारखं झालं असतं. मामींपुढं तिनं पुडी स्वतःच संडासात टाकली.

उचल

ऑक्टोबरात पोराला सोडताना मी त्याला नेहमीचा सल्ला दिला, यंदा हंगामाला जाऊ नको. तो हो म्हणाला. बाहेर आल्यावर मामा मला म्हणाले, “सर, ऐंशी हजार उचल घेतल्याय त्यानं जेठात. न जाऊन कुठं जाईल?”

हे मला कळायला हवं होतं. फडावर पिण्याची सगळी कारणं एकाच कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, राहायला असतात. पहाटे चारला उठणं, रात्री गाडी आली की पुन्हा भरणं, अंग मोडून येणं, भूक. मीटिंगमध्ये सांगतात, भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींना सांभाळा. तोडणीवाल्याला त्यातली एकही सांभाळायची मुभा नसते. वर पंधरवड्याची खर्ची वाटायच्या दिवशी काही मुकादम पैशासोबत बाटलीही देतात. प्यायलेला कोयता पळून जात नाही, हिशेब विचारत नाही. हे मला मामांनीच सांगितलं. पुढचं वाक्य ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

मामांनी न जाण्याऐवजी जाण्याची तयारी केली. नव्या मुकादमाला ते ओळखत होते. त्याच्याशी बोलून खर्ची पोराच्या बायकोच्या हातात द्यायची ठरवली. टोळीतला एक माळकरी म्हातारा त्यांच्या शेजारच्या कोपीत येईल असं बघितलं. आणि रोज रात्री नऊला फोन. विषय काहीही चालेल. दोन मिनिटं बोललं तरी पुरे.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, फोन चालू राहिला. मग टोळीतल्या आणखी एकाला कळलं, त्यानं नंबर घेतला. मग शेजारच्या फडातल्या दोघांनी. डिसेंबर संपेपर्यंत मामांना रात्री नऊपासून साडेदहापर्यंत एकूण अकरा जणांचे फोन यायचे, मिरजेकडून, कागलकडून, बेळगावकडून. आम्ही वार्षिक अहवालात हे अभिमानानं लिहिलं.

गुरुवार

इथं आमची चूक लिहिली पाहिजे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ज्या भेटीतून उभी राहिली ती १९३५ सालची, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावातली. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल तिथं धंद्याच्या कामासाठी गेला होता. काम फिसकटलं. हॉटेलात एकीकडं बार आणि दुसरीकडं टेलिफोन. पाच महिन्यांपूर्वी सुटलेली दारू पुन्हा तोंडाला लागणार असं वाटल्यावर त्यानं चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. कुठला तरी दारुडा शोधून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय, अशी त्याची मागणी होती. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. १० जून १९३५ हा डॉ. बॉबच्या शेवटच्या घोटाचा दिवस आणि तोच संघटनेचा स्थापनादिन. ही गोष्ट सांगताना लोक डॉ. बॉब कसा वाचला ते सांगतात. पण फोन बिलनं स्वतःसाठी केला होता. फ्रँक रिसमन या अमेरिकी अभ्यासकानं १९६५ मध्ये याला नाव दिलं, मदत करणाऱ्यालाच मदतीचा फायदा होतो असं सांगणारं तत्त्व. खरं आहे ते. पण हा फायदा मदत करणारा स्वतःला पेशंट समजतोय तोवरच.

पगार सुरू झाल्यावर मामा गुरुवारच्या मीटिंगला जातच होते, पण आता खोलीची किल्ली त्यांच्याकडं असायची. सतरंजी घालायचे, नव्या माणसाला बोलतं करायचे, शेवटी आभार मानायचे. केंद्रातले पेशंट तिथं असायचे, त्यामुळं स्वतःचं काही बोलायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. संघटनेच्या बारा परंपरांतली आठवी म्हणते की एका दारुड्यानं दुसऱ्याला सावरण्याच्या कामाला पगार नसावा. पगारी माणसं नेमायची ती कार्यालयाच्या वगैरे कामाला. आम्ही संघटना नव्हतो, केंद्र होतो, त्यामुळं पगार देण्यात गैर काही नव्हतं. गैर हे होतं की दोन्ही टोप्या आम्ही एकाच डोक्यावर चढवल्या आणि घरी जाताना एक उतरवा असं कुणी सांगितलं नाही.

आणि २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, आम्ही त्यांचा फोटो फ्लेक्सवर टाकला. तहसीलसमोर. ‘सतरा वर्षांची दारू सोडलेला माणूस.’ त्यांनी हो म्हटलं होतं, पण नऊ हजारांची नोकरी देणाऱ्याला माणूस नाही कसं म्हणेल? त्या फ्लेक्सनंतर मामांना घसरायची सोयच उरली नाही. घसरलेल्या माणसानं जिथं येऊन सांगायचं, त्या खोलीची किल्ली त्यांच्याच खिशात.

चौदा महिन्यांत मी त्यांना पेशंटबद्दल शेकडो प्रश्न विचारले असतील. “मामा, तुमचं कसं चाललंय?” हा प्रश्न माझ्या नोंदवहीत एकदाही नाही. मी शोधला.

डिक्की

संक्रांतीच्या दोन दिवस आधी रात्री अकराला पोराच्या बायकोचा फोन आला. “दादा, पिऊन पडलेत उसात. मुकादम दोघांचाबी खाडा लावतो म्हणतोय.” मामांनी सकाळी मला घरचं काम सांगून सुट्टी घेतली आणि बार्शी, पंढरपूर, सांगोला करत एसटीनं फडावर पोचले. एकटेच.

तिथं काय झालं ते मला नंतर दोघांकडून कळलं, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नाही. मामा पोचेपर्यंत पोरगा शुद्धीवर आला होता. मामा त्याला समजावू लागले. पोरगा कोपीच्या तोंडाशी बसून पाचटाची काडी मोडत म्हणाला, “पहिली क्वार्टर तुम्हीच पाजली व्हती मुकादम. इस्लामपूरच्या फडात. मी एकोणीसचा व्हतो. थकलाव म्हणलो तर तुम्ही म्हणलाव, घे, मरत नाईस.”

मामांना ते आठवत नव्हतं. पण तसं त्यांनी अनेकांना दिलं होतं, एवढं पक्कं आठवत होतं.

परतताना पंढरपूरच्या स्टँडजवळ त्यांनी एक क्वार्टर घेतली. घरी येऊन मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवली. चार दिवस ती गाडी रोज केंद्रात येत होती, कडुनिंबाखाली उभी राहत होती, तिच्या बाजूनं आमचे पेशंट सकाळी फेऱ्या मारत होते.

पाचव्या दिवशी मामी गाडीचे कागद शोधायला गेल्या. मला फोन आला, “सर, ह्यांच्या डिक्कीत बाटली हाय. सील फुटलेलं नाई. मी काय करू?”

मी मामांना खोलीत बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला, “प्यायलात का?”

“नाई.” थोडं थांबून म्हणाले, “तुम्ही पहिलं तेच इचारलं.”

मग सगळं सांगितलं, एका दमात, खिडकीकडं बघत. मी विचारलं, फेकून का नाही दिली? म्हणाले, “फेकायला हातात घ्यावी लागंल नं सर.”

ती बाटली मी आणि मामींनी ओतली. मामा आले नाहीत, आम्ही बोलावलंही नाही.

संस्थेच्या बैठकीत दोन मतं पडली. एक, यांना काढा, उद्या वॉर्डात बाटली सापडली तर परवाना जाईल. दुसरं मत ऐकून मला जास्त भीती वाटली. चार दिवस बाटली जवळ असून प्यायले नाहीत, केवढी इच्छाशक्ती, हे गावोगावी सांगायला हवं! माझं म्हणणं असं की चार दिवस बाटली जवळ बाळगणं म्हणजे घसरण अर्धी झालीच होती, फक्त घोट बाकी होता. बक्षीस आणि शिक्षा, दोन्ही ती घसरण झाकतात.

शेवटी तिसरंच झालं. मामांना पंधरा दिवसांची पगारी रजा. फ्लेक्स उतरवला. शाळेच्या खोलीची किल्ली गटातल्या दुसऱ्या सदस्याकडं गेली. तो गट आमचा नसल्यामुळं आम्हाला तसं सुचवायचाही अधिकार नव्हता. मामांनीच दिली. मामा परभणीच्या मीटिंगला जाऊ लागले, जिथं त्यांना कुणी मामा म्हणत नाही. पहिल्या दिवशी तिथं त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा सवयीनं उभे राहून ते सगळ्यांचे आभार मानू लागले. एका म्हाताऱ्यानं हात धरून खाली बसवलं आणि म्हणाला, “आभार राहू द्या, तुमचं सांगा.” हे सांगताना मामा स्वतःच हसले.

केंद्रातही थोडे बदल केले. घरी किंवा फडावर एकट्यानं जायचं नाही. स्वतःच्या जुन्या ओळखीतला पेशंट असेल तर आधी सांगायचं आणि तो दुसऱ्याकडं द्यायचा. महिन्यातून दोनदा बाहेरच्या एका मानसोपचार सामाजिक कार्यकर्तीसमोर बसून स्वतःबद्दल बोलायचं, मामांनीच नव्हे, मीसुद्धा. यातलं शेवटचं सगळ्यात महाग पडतं आणि तेच पहिलं बंद पडेल अशी मला धास्ती आहे.

ऐंशी हजार

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. दारू सोडायला संघटनेनं घालून दिलेल्या बारा पायऱ्यांतली आठवी सांगते, ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करा. नववी सांगते, शक्य तिथं भरपाई करा, पण त्यानं त्यांना किंवा दुसऱ्यांना इजा होणार असेल तर नको. मामांच्या आठव्या पायरीच्या वहीत घरची माणसं होती, सावकार होता, एक मेव्हणा होता. टोळीतलं कुणीच नव्हतं. फेब्रुवारीत त्यांनी नवी यादी लिहिली, अकरा हंगामांची. ती चार पानं झाली.

त्यांना पोराची उरलेली उचल स्वतः फेडायची होती, अर्धा एकर विकून. मामी म्हणाल्या, विका. मी अडवलं. एकाची फेडली तर चार पानांतल्या बाकीच्यांचं काय, पोरावर उपकाराचं ओझं येईल, आणि पैसे देऊन अपराध फेडल्यासारखा होईल तो एक दिवस संपेल आणि मग मामा काय करतील, अशी माझी कारणं होती. आज ती मला तेवढी पक्की वाटत नाहीत. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर उचल चढवलेल्या माणसाला एकदा ती उतरवावीशी वाटली, तर त्यात मी मधे कशाला पडलो, असं कधी कधी वाटतं. जमीन विकलेली नाही. मामांनी फडावरच पोराची माफी मागितली होती. तो म्हणाला होता, “माफीचं राहू द्या. फोन बंद करू नका.”

हंगाम एप्रिलमध्ये संपला. त्या हंगामात पोरगा आणखी दोनदा प्यायला, दोन्ही वेळा बायकोनं नऊच्या आधीच फोन केला. परत आल्यावर तो गुरुवारी येऊन मागच्या बाकावर बसतो. आज त्याचा सातवा आठवडा सुरू आहे. मामाही आता मागंच बसतात, पण त्याच्याशेजारी नाही, दोन बाकं सोडून.

मागच्या आठवड्यात पोरानं सांगितलं, यंदाची उचल घेतली. नव्वद. मुकादम तोच. मामांनी मान हलवली आणि माझ्याकडं बघितलं. रात्रीचे फोन आता सात जणांत वाटलेत, प्रत्येकाला एक वार. माझा बुधवार आहे.